सही कोणाची? कोकणातील एका टळलेल्या शस्त्रक्रियेचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे खाडीकाठचे एक गाव. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. वडील ट्रॉलरवर खलाशी. मासेमारीबंदीचे जून-जुलै सोडले तर आठवड्यातले बरेच दिवस दर्यात. आई पहाटे चारला बंदरावर मासळी निवडायला जाते आणि दुपारी घरी परतते. थोरला मुलगा विरारला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. धाकटी मुलगी तालुक्याच्या गावी दुकानात कामाला. मधली २२ वर्षांची. घरात तिला सगळे बाय म्हणतात; इथेही तेच म्हणू.

बायला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तिच्या जन्माच्या वेळी पावसाने रस्ता बंद होता, प्रसूती लांबली, मूल बऱ्याच उशिरा रडले. तिसऱ्या वर्षी पहिली फीट आली. तेव्हापासून कार्बामाझेपीनच्या गोळ्या चालू आहेत. ती स्वतः आंघोळ करते, तांदूळ निवडते, गुरांना पाणी दाखवते, वाडीतल्या दुकानातून एक वस्तू आणते. दोन सांगितल्या तर एक विसरते. पैशांचा हिशेब जमत नाही. घरातल्यांशी चार-पाच शब्दांच्या वाक्यांत बोलते, परक्यांसमोर गप्प राहते.

तिच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिले आहे. या आकड्याने पुढे बराच गोंधळ घातला, म्हणून त्याचा अर्थ इथेच सांगायला हवा. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामाजिक प्रगल्भतेच्या चाचणीत ३६ ते ५४ गुण मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीला ७५ टक्के दिव्यांगत्व मिळते. सवलती आणि पेन्शन ठरवण्यासाठी पाडलेला हा एक टप्पा आहे. बुद्धीचे चारपैकी तीन भाग नाहीत आणि एक शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. स्वतःच्या शरीराबद्दल ती काय समजू शकते, हे तर त्यावरून मुळीच कळत नाही. तरीही वडील, डॉक्टर आणि पुढे एक वकील, तिघांनीही तो आकडा तसाच वाचला.

अडचण

पाळी दर २० ते २२ दिवसांनी येत होती आणि आठ-नऊ दिवस चालत होती. रक्तस्राव जास्त. आजी होती तोवर ती बघत असे. आजी गेल्यावर पहाटेपासून दुपारपर्यंत बाय एकटी. कापड ओले झाले की ती ते काढून टाकायची आणि तशीच अंगणात यायची. एप्रिलमध्ये शेजारच्या वाडीतला एक माणूस मागीलदारी दोनदा दिसला. काही घडले नव्हते, पण आईची झोप उडाली. त्याच सुमारास धाकटीला स्थळ सांगून आले आणि मुलाकडच्यांनी विचारले, घराण्यात असे आणखी कोणी आहे का? चुलत्याचे म्हणणे पडले की अशा पोरीला पोर झाले तर तेही तसेच निघणार. आताच बंदोबस्त केलेला बरा.

या सगळ्याचे घरात एकच वाक्य झाले: पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकू.

या वाक्यात चार वेगवेगळ्या अडचणी एकत्र बांधल्या गेल्या होत्या. जास्तीचा रक्तस्राव ही वैद्यकीय तक्रार. पाळीतली स्वच्छता हा शिकवण्याचा आणि सोबतीचा प्रश्न. मागीलदारचा माणूस हा सुरक्षिततेचा, म्हणजे फौजदारी कायद्याचा प्रश्न. आणि ‘तेही तसेच निघेल’ ही सुप्रजननाची, म्हणजे ‘चांगल्या’ वंशालाच मुले व्हावीत या विचाराची, जुनी समजूत, तीही या घरात वस्तुस्थितीला सोडून. कारण बायचे दिव्यांगत्व जन्मावेळी प्राणवायू कमी पडल्याने आले असावे, असे तिच्या लहानपणीच्या कागदांवरच लिहिले होते. चार प्रश्नांना एकच शस्त्रक्रिया हे उत्तर मिळाले की समजावे, प्रश्न नीट विचारले गेलेले नाहीत.

आई-वडील तालुक्याच्या गावातील एका खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, त्यात विशेष काही नव्हते. रक्ताच्या फार तपासण्या झाल्या नाहीत. ‘पालकांची संमती स्टँप पेपरवर नोटरी करून आणा’ असे सांगण्यात आले. तहसील कार्यालयाबाहेर तो कागद अर्ध्या तासात तयार झाला. गणपतीला मुलगा घरी येईल, तेव्हा धावपळीला माणूस असेल, म्हणून गौरी-विसर्जनानंतरचा दिवस ठरला.

शस्त्रक्रिया थांबली ती भूलतज्ज्ञामुळे. कोकणातल्या तालुक्यांत भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात आणि आदल्या दिवशी कागद बघतात. संमतीपत्रावर ‘रुग्णाची सही’ या ओळीवर वडिलांची सही होती. भूलतज्ज्ञांनी विचारले, कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र कुठे आहे? ते नव्हते. दिवस पुढे ढकलला गेला आणि वडिलांनी जिल्हाधिकारी कार्यालयातील स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे अशा दिव्यांगांसाठी कायदेशीर पालक नेमणाऱ्या समितीकडे, अर्ज केला.

कायदा इथवर कसा आला

हा भाग लांबणार आहे, पण तो टाळला तर पुढचा कोणताच निर्णय कळणार नाही.

‘अशांना मुले होऊ नयेत’ या विचाराचा पहिला कायदा १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने केला. व्हर्जिनिया राज्याचा कायदा १९२४ चा. तो टिकतो का हे पाहण्यासाठी कॅरी बक या तरुणीचा खटला उभा करण्यात आला. तिच्यावर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारून तिला सरकारी संस्थेत ठेवले होते, तिची आईही त्याच संस्थेत होती आणि तिच्या तान्ह्या मुलीवरही तोच शिक्का मारला गेला. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने नसबंदी वैध ठरवली. न्यायमूर्ती होम्स यांनी तीन पिढ्यांचे मंदबुद्धी पुरे झाले, अशा अर्थाचे वाक्य निकालात लिहिले. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली.

नंतर जे उजेडात आले ते या प्रकरणाशी थेट जोडलेले आहे. कॅरी जिथे वाढली त्या पालक-कुटुंबातील मालकिणीच्या भाच्याने तिच्यावर बलात्कार केला होता आणि तिला संस्थेत धाडल्याने ती गोष्ट झाकली गेली. तिची बाजू मांडणारा वकील पूर्वी त्याच संस्थेच्या नियामक मंडळावर होता. तिची मुलगी शाळेत चांगले गुण मिळवत होती. १९३२ मध्ये, आठव्या वर्षी, आजाराने ती वारली. म्हणजे ज्या तीन पिढ्यांचा दाखला दिला त्यांतला पुरावाच खोटा होता. १९४२ मध्ये ओक्लाहोमा राज्याचा गुन्हेगारांच्या नसबंदीचा कायदा त्याच न्यायालयाने रद्द केला, पण १९२७ चा निकाल स्पष्ट शब्दांत फिरवला नाही. व्हर्जिनियाचा कायदा १९७४ पर्यंत पुस्तकात राहिला.

जर्मनीने १४ जुलै १९३३ ला असाच कायदा केला. तिथे एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर यांचे ‘आनुवंशिक आरोग्य न्यायालय’ निर्णय द्यायचे. सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. जपानचा कायदा १९४८ ते १९९६ चालला. त्याखाली झालेल्या सुमारे २५,००० शस्त्रक्रियांपैकी साधारण १६,५०० संमतीशिवाय होत्या, आणि तो घटनाबाह्य असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ३ जुलै २०२४ उजाडावे लागले. या तिन्ही देशांत प्रक्रिया होती, समित्या होत्या, तपासणीचे अहवाल होते. नव्हती ती ज्याचे शरीर आहे त्याची संमती.

आपल्याकडे वाट वेगळी होती. सक्ती झाली ती लोकसंख्येच्या नावाने. एप्रिल १९७६ च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने सक्तीचे कायदे करण्याची मुभा राज्यांना दिली, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी तीन हयात अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. सक्तीला मात्र कायद्याची गरज पडली नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली.

संस्थेतल्या दिव्यांग मुलींचा प्रश्न महाराष्ट्रात १९९४ मध्ये पुढे आला. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील सरकारी संस्थेतल्या मुलींचे गर्भाशय पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढले गेले. समर्थनात तेव्हा पाळीतली अस्वच्छता आणि गर्भधारणेची भीती हीच दोन कारणे दिली गेली. बायच्या वडिलांच्या अर्जातही तीच दोन कारणे आहेत.

आजचा कायदा चार ठिकाणांहून येतो. २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रौढ, सक्षम स्त्रीचे गर्भाशय काढायला तिच्या आईची संमती चालत नाही, ती स्त्री भुलेखाली असली तरीही. २८ ऑगस्ट २००९ च्या सुचिता श्रीवास्तव निकालात मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांत फरक केला गेला. बौद्धिक दिव्यांग प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी पालकाची संमती पुरत नाही, असे ठरले. आणि सुप्रजननाच्या नावाखाली पूर्वी झालेल्या सक्तीच्या शस्त्रक्रिया लोकशाहीविरोधी व संविधानातील समानतेच्या अनुच्छेद १४ चा भंग करणाऱ्या आहेत, असेही न्यायालयाने नोंदवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ९५ मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी घालते. मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व येत नाही, म्हणून ते कलम बायच्या उपयोगाचे नाही. तिच्या उपयोगाचे आहे ते दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम १०(२): दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही. यात पालकाचा उल्लेख नाही, आणि दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचाही नाही.

समितीपुढचे पर्याय

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य असतो. कलम १४ प्रमाणे समितीला दोन गोष्टी पाहाव्या लागतात: पालकाची गरज आहे का, आणि ती कशासाठी. बहुतेक अर्ज बँक खाते, पेन्शन, जमिनीतला हिस्सा यांसाठी असतात, त्यामुळे दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. इथे संस्थेच्या प्रतिनिधीने तो विचारला. वडिलांनी सरळ उत्तर दिले: ऑपरेशनसाठी.

पहिला पर्याय होता प्रमाणपत्र देऊन मोकळे होण्याचा. पुढे काय करायचे ते डॉक्टर बघतील. हा मोह खरा असतो, कारण प्रमाणपत्रावर ‘शस्त्रक्रियेसाठी’ असे कुठेच छापलेले नसते. पण हेतू नोंदीत आल्यावर प्रमाणपत्र देणे म्हणजे कलम १०(२) ला वळसा घालायला मदत करणे झाले असते.

दुसरा पर्याय, वडिलांना उच्च न्यायालयात जायला सांगणे. न्यायालय पालकाच्या भूमिकेतून ‘सर्वोत्तम हित’ तपासते. खर्च, मुंबईच्या खेपा आणि महिने हे सारे कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय साधे उपचार करून पाहिले का, हा प्रश्न तिथेही पहिल्याच तारखेला आला असता.

तिसरा, ग्रामीण रुग्णालयात फक्त नसबंदी. हा चुलत्याने सुचवला. त्याने पाळी थांबत नाही, आणि सरकारी निकषांत ती बसतही नाही: विवाहित, २२ ते ४९ वय, किमान एक मूल एक वर्षाहून मोठे, आणि स्वतः समजून दिलेली संमती.

चौथा, पाळी कमी करणारे परत फिरवता येण्याजोगे उपाय. गर्भनिरोधक गोळ्या बाद, कारण कार्बामाझेपीन त्यांचा असर घटवते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम: पहिले काही महिने अनियमित डाग दिसतात, पुढे अनेकींची पाळी जवळजवळ थांबते, दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता कमी होते. हार्मोन असलेली तांबी: परिणाम चांगला, पण बसवताना कदाचित भूल लागते आणि खर्च जास्त. कायमचे वंध्यत्व येत नसले तरी हे उपायही तिच्या संमतीनेच.

पाचवा, मुळात रक्तस्राव का होतो ते शोधणे. आश्चर्य म्हणजे हा पर्याय यादीत सर्वांत शेवटी आला.

गर्भाशय काढण्याच्या बाजूने आईचे म्हणणे समितीने पूर्ण ऐकून घेतले, आणि ते तसे ऐकायलाच हवे होते. ‘माज्या मागं हिचं कोन करनार? तुमी येनार काय पहाटं?’ या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. पण शस्त्रक्रियेने नेमके काय मिळणार, हे आकड्यांशिवायही मांडता येत होते. पाळी कायमची थांबेल. मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका राहील. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते, म्हणजे हाडांचा प्रश्न तिशी-चाळिशीत. आणि मागीलदारचा माणूस? गर्भाशय नसल्याने तो थांबत नाही. उलट, बोलता न येणाऱ्या मुलीवर झालेला अत्याचार पुष्कळदा गर्भधारणेमुळेच उघड होतो. ती शक्यता संपवली की अत्याचार करणाऱ्याला संरक्षण मिळते. वाडीत बातमी लपत नाही. ‘हिची पिशवी काढली’ हे ज्याला कळायला नको त्याला आधी कळते.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलांनी वडिलांना आणीबाणीतली सक्ती आठवून दिली. वडील म्हणाले, ‘ते सरकारनं केलान. हे आमी आईबाप करतोय.’ या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद हाच होता. व्हर्जिनियात सही संस्थेची होती, जर्मनीत न्यायालयाची, १९७६ मध्ये लक्ष्य गाठायला निघालेल्या यंत्रणेची. आता ती आई-वडिलांची आहे आणि तिच्यामागे खरी माया आणि खरा थकवा आहे. कलम १०(२) इथेच कामाला येते: सही करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी ती ओळ त्याची नाही, असे ते म्हणते.

काय केले

समितीने अर्ज फेटाळला नाही आणि मंजूरही केला नाही. ‘हेतू बदलून सादर करावा’ असा शेरा मारला आणि तोवर जिल्हा रुग्णालयात तपासणी करायला सांगितले. तिथे हिमोग्लोबिन ७.८ निघाले. थायरॉइडची चाचणी झाली, तर टीएसएच २२, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या चार-पाच पट. थायरॉइड कमी पडले की हा आकडा चढतो, पाळीत रक्तस्राव वाढतो, सुस्ती येते, बोलणे मंदावते. बायची सुस्ती ‘तिचा स्वभाव’ म्हणून आठ-दहा महिने सोडून दिली गेली होती. थायरॉक्सिन, लोह आणि पाळीच्या पहिल्या चार दिवसांपुरते रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल सुरू झाले. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि लोहाची किमान चार तासांनी, हे आईला दोनदा सांगावे लागले. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.

स्वच्छतेचे शिक्षण विशेष शिक्षिकेने आखले. काम नऊ पायऱ्यांत तोडले: डाग ओळखणे, मोरीत जाणे, दार लावणे, जुना पॅड काढणे, कागदात गुंडाळणे, डब्यात टाकणे, धुणे, नवा पॅड चड्डीला चिकटवणे, हात धुणे. शिकवायला शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे झाल्याचे समाधान तिला मिळते. पाळी नसताना लाल रंगाचे पाणी लावलेल्या पॅडवर सराव. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या दिवशी बाय स्वतः लाल टिकली चिकटवायची. अडले ते सातव्या पायरीला: मोरीतला नळ घट्ट होता, तो तिला फिरवता येत नव्हता. नळ बदलला आणि पायरी जमली. शिकवण्यातले असे पुष्कळ अपयश शिकणाऱ्याचे नसून नळाचे असते.

मागीलदारच्या माणसाबद्दल पोलीस पाटलांना आणि ठाण्याला लेखी कळवले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये दिव्यांग स्त्रीवरील बलात्काराला किमान १० वर्षे सश्रम कारावास आहे, हे बीट हवालदाराने वाडीच्या बैठकीत कोणाचेही नाव न घेता सांगितले.

तिला कसे विचारले

समितीच्या बैठकीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात, बायला ‘तुला ऑपरेशन हवे का’ असे विचारण्यात आले. ती काहीच बोलली नाही. ‘समजत नाही’ अशी नोंद होणार होती. समितीवरील दिव्यांग सदस्याने ती होऊ दिली नाही. तेवढ्यावर थांबले असते तर हे प्रकरण तिथेच संपले असते, आणि अनेक प्रकरणे तशीच संपतात.

त्यानंतर तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, घराच्या पडवीत संवाद झाला. मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षिका दोघीच. आई जवळ, पण कानाआड. चित्रे चार: पोट आणि आतली पिशवी, पाळी, बाळ, टाके घातलेले पोट. प्रश्न छोटे, हो-नाहीचे नकोत, कारण बौद्धिक दिव्यांग व्यक्ती समोरच्याला बरे वाटावे म्हणून पुष्कळदा हो म्हणतात. तोच प्रश्न उलटा करून दुसऱ्या दिवशी. सांगितलेले तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. दुसऱ्या भेटीत तिने टाक्यांचे चित्र उलटे ठेवले आणि म्हणाली, ‘पोटात नाय कापायचं.’ तिसऱ्या भेटीत चित्रांचा क्रम बदलला, शिक्षिकेऐवजी मानसशास्त्रज्ञाने विचारले, उत्तर तेच. बाळाबद्दल तिचे म्हणणे अस्पष्ट राहिले आणि अहवालात ते अस्पष्ट असेच लिहिले.

अहवालातला निष्कर्ष ‘सक्षम’ किंवा ‘अक्षम’ असा नव्हता. शस्त्रक्रियेत पोट कापले जाते एवढे तिला समजते, ती तिला नको आहे, आणि हा नकार स्थिर आहे, इतकेच. संमतीसाठी हे अपुरे ठरले असते. नकारासाठी पुरेसे होते.

निष्पत्ती

शस्त्रक्रिया रद्द झाली. पाच महिन्यांत हिमोग्लोबिन ११.१ वर आले, टीएसएच जवळपास मर्यादेत, पाळी २७-२८ दिवसांनी आणि पाच दिवसांची. नऊपैकी सात पायऱ्या बाय आता एकटी करते. गुंडाळणे आणि डब्यात टाकणे याला आठवण लागते. अंतराचे इंजेक्शन तिने समजून एकदा घेतले. डाग लांबले, चिडचिड वाढली, दुसऱ्या वेळी तिने हात मागे घेतला. तोही तिचाच निर्णय मानून पुढे दिले नाही.

बाकीचे इतके नीट झाले नाही. पहाटेच्या वेळेसाठी शेजारच्या काकींनी सोबत करायची असे ठरले, ते दीड महिना टिकले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यशाळेला जायला सोयीची एसटी नाही. शेवटी आईनेच पहाटेचे काम सोडून दुपारच्या पाळीचे धरले, त्यात रोजची मजुरी घटली. घटलेली मजुरी कोणत्याही योजनेतून भरून आली नाही. चुलत्याने बोलणे टाकले. धाकटीचे स्थळ मोडले; पुढे दुसरे जमले.

काय वेगळे करता आले असते

थायरॉइडची चाचणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. २२ वर्षांच्या, जास्त रक्तस्राव असलेल्या कोणत्याही मुलीची ती झाली असती. दिव्यांगत्व दिसले आणि तपासणीची वाट तिथेच वळली. गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत राज्याला बीडचा अनुभव आहे. तिथे ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती सुचवली आहे आणि ती लागू करण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितले. अशा समितीकडे शस्त्रक्रियेआधी जाण्याची सवय असती, तर भूलतज्ज्ञाच्या दक्षतेवर सगळे अवलंबून राहिले नसते.

दुसरी चूक वकिली नोटिशीची. मध्यंतरी खासगी डॉक्टरांना दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली पाच वर्षांच्या कैदेची भीती घालणारी नोटीस गेली. पण कलम ९२ चा तो खंड दिव्यांग स्त्रीच्या संमतीशिवाय केलेल्या गर्भपाताबद्दल आहे. संमतीशिवाय वंध्यत्व आणल्यास याच कायद्यातून लागते ते कलम ८९, म्हणजे पहिल्या भंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड. बाकी गंभीर दुखापत, ग्राहक तक्रार आणि वैद्यकीय परिषद हे मार्ग वेगळे चालवावे लागतात. डॉक्टरांच्या वकिलाने चूक दाखवली, नोटीस निष्प्रभ झाली, आणि डॉक्टरांनी या कुटुंबाला पुढे तपासायलाच नकार दिला. जवळचा स्त्रीरोगतज्ज्ञ गमावला. आधी भेटून कलम १०(२) ची प्रत समोर ठेवली असती तर बहुधा तेवढ्याने भागले असते. कायद्यातली ही विसंगती मात्र खरी आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी: कायमचे वंध्यत्व आणण्याला दंड, आणि गर्भपाताला कैद.

तिसरी गोष्ट, समितीला सात आठवडे लागले. तेवढ्यात कोणी कमी दक्ष भूलतज्ज्ञ मिळाला असता तर फाइलचा उपयोग राहिला नसता. हेतू शस्त्रक्रियेचा असल्याचे कळताच त्याच दिवशी संबंधित रुग्णालयाला ‘निर्णयापर्यंत प्रक्रिया करू नये’ असे पत्र जायला हवे होते.

आणि एक प्रश्न कायद्याने उघडाच ठेवला आहे. बायने नकार सांगितला, म्हणून तो मानता आला. जी व्यक्ती चित्रांनी, खुणांनी, कशानेच काही सांगू शकत नाही आणि जिला कर्करोगासारख्या कारणाने खरोखर गर्भाशय काढण्याची गरज आहे, तिच्या बाबतीत कलम १०(२) नुसते वाचले तर उपचारच अडतात. त्याच २०१६ च्या कायद्यातील (राष्ट्रीय न्यास कायद्यातील नव्हे) कलम १४ चे मर्यादित पालकत्व, ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, हा मार्ग आहे. पण जिल्हा पातळीवर तो फारसा वापरला जात नाही. तिथे उपचारासाठीची शस्त्रक्रिया आणि सोयीसाठीची शस्त्रक्रिया यांतला फरक लेखी नोंदवणे, आणि तो नोंदवणारा डॉक्टर शस्त्रक्रिया करणाऱ्याहून वेगळा असणे, एवढे तरी आजही करता येते.

वडिलांनी नंतर नवा अर्ज केला: पेन्शनचे खाते आणि घरातला हिस्सा यापुरतेच पालकत्व, आईच्या नावे आणि सहपालक म्हणून विरारच्या मुलाच्या नावे. तो मंजूर झाला. आदेशात समितीने एक ओळ हाताने घातली: या पालकत्वाने प्रजननाशी संबंधित कोणत्याही वैद्यकीय प्रक्रियेस संमती देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. पुढच्या बैठकीपासून ती ओळ त्या समितीच्या सर्व आदेशांत छापील मजकुरात आली.